सायकल, खडतर मार्गांवरील

सायकल, खडतर मार्गांवरील : डोंगरउतार, पाऊलवाट, जंगलातील गाडीवाट अशा ओबडधोबड भूमीवरून चालविण्याच्या दृष्टीने आखलेली सायकल. ‘माउंटन बाइक’ या नावाने ती सर्वत्र ओळखली जाते. तिचा इतिहास कॅलिफोर्नियात १९७० नंतरच्या दशकात सुरू झाला, असे मानतात. तथापि खडतर वाटेवर सायकल नेण्याची गरज त्याहून जुनी असून, चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत ती साध्या रोडस्टर सायकलीने भागविली आहे. या दोन परंपरा एकत्र पाहिल्या असता, सायकलीच्या कोणत्या भागात कोणती सुधारणा उपयोगी पडेल हे जमीन, ओझे आणि दुरुस्तीची सोय यांवरून ठरते, असे दिसून येते.

पूर्वपीठिका : कार्ल फोन ड्राइस या जर्मन गृहस्थाने १८१७ मध्ये पायांनी जमिनीला रेटा देऊन चालविण्याची दुचाकी तयार केली. जॉन केंप स्टार्ली याच्या १८८५ च्या ‘रोव्हर’ सायकलीत साखळीने मागचे चाक फिरविण्याची योजना यशस्वी झाली आणि १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेला टायर प्रचारात आणला. यांतून जी ब्रिटिश रोडस्टर सायकल घडली, ती त्या काळच्या खडीच्या व कच्च्या रस्त्यांसाठी होती. तिच्या दोन चाकांतील अंतर मोठे, पुढचा चिमटा बराच कललेला, बैठक स्प्रिंगची आणि रिमचा व्यास ६३५ मिमी. असे. भारतात मुंबईची हिंद सायकल्स (१९३९), मद्रासची टी. आय. सायकल्स (१९४९), सोनपतची ॲटलस (१९५१), लुधियानाची हीरो (१९५६) इ. कारखान्यांनी हाच नमुना पुढे चालविला. सुमारे २० किग्रॅ. वजनाची ही पोलादी सायकल ग्रामीण भारताचे वाहन ठरली.

वनजिल्ह्यांतील वापर : जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याचे सुमारे तीन-चतुर्थांश क्षेत्र वनाखाली आहे. पश्चिमेकडे वरोड्याच्या बाजूस काळी जमीन, तर पूर्वेकडे खडकाळ चढ, वाळूचे नाले आणि दाट वन असा भूप्रदेश आढळतो. पावसाळ्यात काळी माती चाक व मडगार्ड यांमध्ये घट्ट बसते आणि चाक फिरेनासे होते. नाल्यातील वाळूत अरुंद टायर रुततो. भामरागडजवळ पर्लकोटा नदीला पूर आला की वाहतूक वारंवार खंडित झाली आहे.

अशा मुलखात सायकल ही बसण्याइतकीच ओझे वाहण्याची साधनवस्तू आहे. मोहफुले, तेंदूपाने, जळाऊ लाकूड, धानाची पोती कॅरिअरवर वा दांडीवर बांधून ती पुष्कळदा हाताने ढकलत नेतात. येथे वेगापेक्षा चौकटीची बळकटी महत्त्वाची ठरते. त्यातच कॉटर, छर्रे, आरे हे भाग आठवड्याच्या बाजारात मिळतात आणि पान्याच्या साहाय्याने गावातच बसविता येतात. रोडस्टर दीर्घकाळ टिकून राहिली, याचे कारण यात आहे.

सायकलीला सार्वजनिक जीवनातही येथून स्थान मिळाले. वरोडा येथील आनंदवनाचे संस्थापक बाबा आमटे यांच्या ‘भारत जोडो’ अभियानात १९८५-८६ मध्ये शंभरावर युवक-युवतींनी कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत सायकलीने प्रवास केला. १९८८-८९ मध्ये ईटानगर ते ओखा असे दुसरे अभियान झाले. पुढे राज्याच्या मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील शाळकरी मुलींना सायकली देण्यात आल्या. दूरच्या शाळेची वाट ज्या मुलींना चालून संपवावी लागे, त्यांच्या दृष्टीने सायकलीचा प्रश्न हा शिक्षण चालू राहण्याचा प्रश्न होता.

कॅलिफोर्नियातील उगम : सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उत्तरेस मॅरिन परगण्यात काही तरुण जुन्या, रुंद टायरांच्या सायकली डोंगरावरून वेगाने खाली आणीत. उतारावर मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापे की, त्यातील वंगण जळून जाई व प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. त्यावरूनच तेथील शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडले. पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ रोजी झाली. जो ब्रीझ याने १९७७ मध्ये या कामासाठी खास चौकट बनविली. १९७९ मध्ये गॅरी फिशर व चार्ल्स केली यांनी टॉम रिची याने बनविलेल्या चौकटींच्या सायकली विकण्यास सुरुवात केली, तर १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टंपजंपर’ ही मोठ्या प्रमाणावर तयार झालेली सायकल बाजारात आली.

भागांतील सुधारणा : शिमानो या जपानी कंपनीने १९८२ मध्ये ‘डिओर एक्सटी’ हा डोंगरी सायकलींसाठीचा खास भागसंच काढला. १९८९ मध्ये रॉकशॉक्सचा धक्काशोषक चिमटा आला. नंतर मागच्या चाकालाही धक्काशोषक बसू लागला. रिमवर दाबणाऱ्या ब्रेकची जागा चकतीच्या ब्रेकने घेतली. चिखलात व पाण्यात रिम ओली झाली, तरी चकतीचा ब्रेक खात्रीने लागतो. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या क्रीडाप्रकाराचा समावेश झाला. ५५९ मिमी. व्यासाच्या रिमची जागा पुढे ५८४ व ६२२ मिमी. रिमांनी घेतली, कारण मोठे चाक खड्ड्यात कमी अडकते. २०१२ नंतर पुढे एकच दंतचक्र व मागे अनेक दंतचक्रे ही रचना रूढ झाली. अलीकडच्या सायकलींत पुढचा चिमटा अधिक कललेला आणि दोन चाकांतील अंतर अधिक ठेवतात; त्यामुळे तीव्र उतारावर तोल सांभाळणे सोपे जाते.

तुलना व उपयुक्तता : मोठे चाक, कललेला चिमटा, लांब बांधणी आणि पुढचे एकच दंतचक्र ही नव्या सायकलीची लक्षणे जुन्या रोडस्टरमध्ये होतीच. मात्र रोडस्टरमध्ये चढासाठी हलका गिअर, रुंद टायर आणि भरवशाचा ब्रेक यांची उणीव होती. सळईने चालणारा तिचा ब्रेक पावसात फारसा लागत नसे. १९९० नंतरच्या दशकात भारतात रुंद टायर व सरळ हँडल असलेल्या सायकली पसरल्या, पण त्यांतील अनेकींना गिअर नव्हते. डोंगरी सायकलीचे रूप आले, गुण पुरते आले नाहीत.

वनजिल्ह्यांच्या दृष्टीने सर्वच सुधारणा सारख्या मोलाच्या नाहीत. कमी दाबाचा रुंद टायर वाळूत उपयोगी पडतो. बाभळी-बोरीच्या काट्यांच्या वाटेवर छिद्र आपोआप बुजविणारा द्रव लाभदायक ठरतो. तारेने चालणारा चकतीचा ब्रेक गावात दुरुस्त करता येतो. याउलट तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक व धक्काशोषक यांना खास तेल, रबरी कडी व कुशल कारागीर लागतात. ती सोय जवळ नसेल, तर सायकल वर्षानुवर्षे भिंतीला टेकून राहते. शर्यतीतील सायकल एका उतारासाठी सिद्ध असावी लागते. वनातील सायकलीला मात्र सकाळी शाळेत, दुपारी बाजारात आणि संध्याकाळी मोळीसह घरी पोहोचावे लागते. त्यामुळे बळकट चौकट, रुंद टायर, मोजके गिअर आणि गावात दुरुस्त होणारे भाग यांचा मेळ घालणारी सायकल हीच या प्रदेशाची खरी गरज ठरते.