शर्यतीतील साक्ष

१९२४ सालच्या जून महिन्यात टूर द फ्रान्स ही सुप्रसिद्ध सायकल-शर्यत चालू असता आंरी पेलिसिए, त्याचा धाकटा भाऊ फ्रांसिस व त्यांचा सोबती मोरिस व्हील यांनी कुतांस येथे शर्यत सोडली. निमित्त अंगावरील एका जादा सदऱ्याचे. तेथील उपाहारगृहात अल्बेर लोंद्र या वार्ताहरापुढे त्यांनी आपल्या पिशव्या उघडल्या: डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म, शिवाय गोळ्यांच्या डब्या. आपण त्या वार्ताहराची थोडी थट्टाच केली, असे फ्रांसिस पुढे म्हणाला. थट्टा असो वा नसो, त्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती, कारण त्या काळी ही गोष्ट गुन्हाच नव्हती.

१९६५ साली फ्रान्सने उत्तेजक द्रव्यांविरुद्ध कायदा केला. पुढील वर्षी बोर्दो येथे तपासणी होताच दुसऱ्या दिवशी स्वार सायकलींवरून उतरून निषेधार्थ पायी चालले. पाच वेळा टूर जिंकणाऱ्या जाक आंकतीलने तर धंदेवाईक स्वारांना उत्तेजकांवाचून गत्यंतर नाही, असे उघड सांगितले. १९६७ साली मिलानमधील एका तासाच्या विक्रमानंतर त्याने मूत्रतपासणी नाकारली व तो विक्रम अमान्य झाला. त्याचा पक्ष मला मान्य नाही. त्याच वर्षी १३ जुलै रोजी माँ व्हाँतूच्या चढणीवर टॉम सिम्प्सन मरण पावला, व त्याच्या शरीरात अ‍ॅम्फेटामाइन आढळले. परंतु आंकतील दुटप्पी बोलला नाही, एवढे मान्य केलेच पाहिजे.

पुढे भाषा पालटली. 'मी तपासणीत कधी दोषी ठरलो नाही,' हे लान्स आर्मस्ट्राँगचे आवडते वाक्य. आमच्या धंद्यातील माणसाला त्यातील मेख तत्काळ कळते: हे आरोपाचे उत्तर नव्हे, पुराव्याच्या अभावाकडे दाखविलेले बोट होय. अर्थात तो तेवढ्यावर थांबला नाही. २००५ साली त्याने शपथेवरही इन्कार केला. २०१२ साली अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने सव्वीस जणांच्या साक्षी मांडल्या, त्यांत अकरा त्याचेच जुने संघसोबती होते. सातही विजेतेपदे काढून घेतली गेल्यावर, जानेवारी २०१३ मध्ये, दूरचित्रवाणीवर कबुली आली. स्वतःच्या हिताविरुद्ध केलेल्या विधानास साक्षीच्या शास्त्रात विशेष वजन असते. पण येथे राखावयास हितच फारसे उरले नव्हते.

याउलट क्रिस्तोफ बॅसाँ. १९९८ साली त्याच्या फेस्तिना संघाचा उत्तेजकांचा साठा पकडला गेला, तेव्हा तो निर्मळ असल्याची ग्वाही सहकाऱ्यांनीच दिली होती. १९९९ च्या टूरमध्ये शर्यतीत असतानाच तो 'ल पारिझियाँ' पत्रात लिहीत होता. शर्यतीच्या वेगाचे आपणास आश्चर्य वाटते, इतकेच त्याचे म्हणणे. कोणावर नाव घेऊन आरोप नाही. स्वतः पाहिले तेवढे, स्वतःच्या नावाने आणि स्वतःची भाकरी पणाला लावून. अशा प्रश्नावर खेळाडूने बोलावे ते असे, असे माझे मत आहे. पण आल्प द्युएझच्या टप्प्यावर आर्मस्ट्राँगने त्याला गाठून, असे बोलायचे असेल तर घरी जा, असे सुनावले. सोबत्यांनी अबोला धरला. काही दिवसांत बॅसाँ शर्यत सोडून गेला.

२००१ साली त्याने धंदेवाईक सायकल सोडली व पुढे फ्रान्सच्या क्रीडाखात्यात उत्तेजकविरोधी काम पत्करले.