कुत्रा चावण्याआधी काय सांगतो? कुत्र्यांसोबत राहताना प्रत्येक घराने माहीत करून घ्यावे असे काही

कुत्रा चावला म्हणून दवाखान्यात आलेल्यांना मी पहिला प्रश्न विचारतो, "कुठला कुत्रा होता?" अनेकदा उत्तर येते, "घरचाच आहे डॉक्टर", किंवा "आमच्या गल्लीतलाच आहे, रोज पोळी घालतो त्याला." पुढचे वाक्यही ठरलेले असते, "काही कारण नसताना अचानक चावला."

खरे तर कुत्रा अचानक क्वचितच चावतो. चावण्याआधी तो शरीराने बरेच काही सांगत असतो. ते आपल्याला वाचता आले, तर अनेक चावे टळतील. आणि चावलाच, तर पहिल्या तासात काय करायचे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवे.

कुत्र्याची भाषा कशी ओळखाल?

घाबरलेला किंवा वैतागलेला कुत्रा साधारणपणे अशी लक्षणे दाखवतो:

- समोर खाणे नसताना वारंवार ओठ चाटणे, झोप आलेली नसताना जांभया देणे
- तोंड फिरवणे, पण नजर तुमच्यावरच ठेवणे. डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे
- कान मागे चिकटवणे, शेपूट पायांत घालणे
- हालचाल एकदम थांबवून अंग ताठ करणे
- मानेवरचे व पाठीवरचे केस उभे राहणे, गुरगुरणे, दात दाखवणे

शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश आहे, हा मोठा गैरसमज आहे. अंग सैल असेल आणि शेपटीबरोबर कंबरही डुलत असेल, तर तो आनंदात आहे. अंग ताठ आणि शेपूट उंच धरून फक्त टोक थरथरत असेल, तर जवळ जाऊ नका.

गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारू नका. गुरगुरणे ही त्याची सूचना असते. मार खाऊन तो गुरगुरणे थांबवेल, पण त्याची भीती जाणार नाही. पुढच्या वेळी तो सूचना न देता थेट चावू शकतो.

कुत्रा कोणत्या वेळी चावण्याची शक्यता जास्त असते?

तो खात असताना, झोपेत असताना, कुत्री पिल्लांजवळ असताना, आजारी किंवा जखमी असताना आणि कोपऱ्यात अडकल्यासारखे वाटल्यावर. दोन कुत्र्यांचे भांडण हाताने सोडवायला जाऊ नका. नेहमी शांत असणारा कुत्रा एकाएकी चिडचिडा झाला, तर त्याला कुठेतरी दुखत असण्याची शक्यता असते. अशा वेळी त्याला पशुवैद्यांना दाखवा.

रस्त्यावरचा कुत्रा अंगावर आला तर पळू नका, दगड उचलू नका. स्थिर उभे राहा, हात शरीराजवळ ठेवा, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नका आणि हळूहळू बाजूला व्हा. दुचाकीच्या मागे लागला तर वेग वाढवण्याऐवजी कमी करा. घाबरून वेग वाढवला की गाडी घसरून पडण्याचा धोका चावण्याइतकाच मोठा असतो.

लहान मुलांकडे विशेष लक्ष का द्यावे?

जागतिक आरोग्य संघटनेनुसार रेबीजच्या बळींपैकी सुमारे ४० टक्के मुले १५ वर्षांखालील असतात. मुलांची उंची कमी असल्यामुळे चावा चेहऱ्यावर, मानेवर बसतो. अशा जखमा मेंदूच्या जवळ असल्याने जास्त धोकादायक ठरतात.

दुसरे कारण आपल्या वागण्यात आहे. "कुत्र्याच्या वाटेला कशाला गेलास?" म्हणून ओरडा बसेल या भीतीने मुले ओरखडा लपवतात. आई-वडिलांना काही दिवसांनी कळते आणि तोवर मोलाचा वेळ गेलेला असतो. म्हणून मुलांना आजच सांगून ठेवा, "कुत्र्याने चावले, ओरबाडले, जखमेवर चाटले, तर लगेच सांग. मी रागावणार नाही." आणि खरेच रागावू नका.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला घरच्या कुत्र्यासोबतही एकटे सोडू नये.

चावल्यास लगेच काय करावे?

१. जखम वाहत्या पाण्याखाली, साबण लावून पूर्ण १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावा. रेबीजचा विषाणू लाळेतून येतो आणि धुण्याने जखमेतील त्याचे प्रमाण बरेच कमी होते.

२. नंतर पोव्हिडोन आयोडिन लावा. हळद, तिखट, चुना, तेल यांपैकी काहीही लावू नका. पट्टी घट्ट बांधू नका.

३. त्याच दिवशी दवाखान्यात जा. सरकारी दवाखान्यांत रेबीजची लस मोफत उपलब्ध असते.

कातडी न फाटता केवळ चाटले असेल तर लस लागत नाही. रक्त न येता ओरखडा उठला असेल तर लस लागते. रक्त आले असेल, आधीच्या जखमेवर चाटले असेल किंवा लाळ डोळ्यांत-तोंडात गेली असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन हे इंजेक्शनही द्यावे लागते. लसीचा परिणाम सुरू होईपर्यंत तेच संरक्षण देते. धनुर्वाताचे इंजेक्शन हवे का, हे डॉक्टर ठरवतील.

पोटात १४ इंजेक्शने घेण्याचा काळ गेला. आता लस दंडावर (लहान बाळांना मांडीवर) देतात. त्वचेत दिल्यास ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. स्नायूत दिल्यास ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. गरोदर व स्तनपान देणाऱ्या मातांनाही ती सुरक्षित आहे. कोणतेही पथ्य नाही. मात्र जखम भरली म्हणून उरलेले डोस सोडू नका.

"कुत्र्याला लस दिलेली आहे, मग मला कशाला?"

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तुमचे उपचार लगेच सुरू करायचे आणि सोबत कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवायचे. तो १० दिवस ठणठणीत राहिला, तर उरलेल्या डोसांबाबत डॉक्टर निर्णय घेतील. घरच्या लहान पिल्लाचा चावाही याला अपवाद नाही. रेबीजची लक्षणे बहुधा एक ते तीन महिन्यांत दिसतात, कधी त्याहून उशिरा. एकदा ती दिसली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून "वाट बघू" हा पर्याय इथे नाही.

कुत्रा पाळताना तुमची जबाबदारी

- पिल्लाला साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस, त्यानंतर बूस्टर आणि दरवर्षी पुन्हा लस. कार्ड जपून ठेवा.
- जंतांचे औषध आणि गोचिडांचा बंदोबस्त. कुत्र्याच्या विष्ठेतील जंतांची अंडी मातीतून मुलांच्या पोटात जातात, म्हणून फिरवताना विष्ठा उचलणे हा आरोग्याचाही प्रश्न आहे.
- तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात पिल्लाला वेगवेगळ्या माणसांची, आवाजांची सौम्यपणे सवय करून द्या.
- रोज फिरवणे, बाहेर साखळी, महापालिकेचा परवाना आणि नसबंदी.
- दिवसभर बांधून ठेवू नका. बांधलेला, एकटा कुत्रा जास्त भित्रा आणि आक्रमक होतो.

गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालत असाल तर मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून दूर, ठरलेल्या वेळी घाला. त्यांची नसबंदी आणि लसीकरण होईल हेही पाहा. पोळी घालणे सोपे आहे, पण रेबीज लसीकरणानेच थांबतो. गोव्यात रस्त्यावरच्या कुत्र्यांचे मोठ्या प्रमाणावर लसीकरण आणि शाळांमधून मुलांचे शिक्षण सातत्याने झाले. २०२१ मध्ये ते देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषित झाले.

आज घरी दोन गोष्टी करा. कुत्रा पाळला असेल तर त्याच्या लसीची तारीख तपासा. आणि मुलांना जवळ बसवून सांगा, कुत्र्याचे काहीही झाले तरी आधी साबण-पाणी, मग लगेच आई-बाबा.