महाराष्ट्र केसरी स्पर्धेतील दुफळी

महाराष्ट्र केसरी हा राज्यातील कुस्तीचा सर्वोच्च मानाचा किताब होय. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने १९६१ पासून त्यासाठी स्पर्धा भरवली. पहिला किताब दिनकर दह्यारी यांनी जिंकला. माती आणि गादी या दोन विभागांचे विजेते अंतिम फेरीत एकमेकांशी भिडतात. विजेत्यास चांदीची गदा मिळते.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागाला या स्पर्धेचे यजमानपद लागोपाठ लाभले. २००५ मध्ये इंदापूरला सईद चाऊस, तर २००६ मध्ये बारामतीला अमोल बुचडे विजयी झाले. परिषदेचे अध्यक्षपदही दीर्घकाळ बारामतीच्या शरद पवार यांच्याकडे होते.

२०२२ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने परिषद बरखास्त केली. रामदास तडस यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघ पुढे आला. परिषदेने मात्र आपला हक्क सोडला नाही. परिणामी नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन स्पर्धा झाल्या. फुलगावच्या अंतिम लढतीत सिकंदर शेखने शिवराज राक्षेला हरवले आणि त्याच महिन्यात धाराशिवला हर्षवर्धन सदगीरवर मात करून राक्षे ‘महाराष्ट्र केसरी’ झाला! २०२५ मध्येही अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, तर कर्जतला वेताळ शेळके असे दोन केसरी ठरले.

हा वाद केवळ मानापानाचा नव्हे. २०१४ ते २०१६ असे सलग तीनदा विजेते ठरलेले विजय चौधरी पुढे पोलीस उपअधीक्षक झाले. गदा दोन झाल्या, तेव्हा अधिकृत कोणती, हा प्रश्न पैलवानाच्या उपजीविकेशी येऊन भिडतो.