माळ उजाड नव्हता

सुपे, शिर्सुफळ, कडबनवाडी या बाजूचा उघडा माळ दिसला की बाहेरचा पाहुणा हमखास म्हणतो, "इथं पूर्वी दाट जंगल असणार, लोकांनी तोडून खाल्लं." आपणही मान डोलावतो. जणू आपल्याच आज्यांनी सरपणासाठी सगळं उजाड केलं!

पण तसं झालेलं नाही. पाऊस सह्याद्री अडवतो. आपल्या वाट्याला वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर येतो. त्यात माती वीतभर आणि खाली मुरूम. अशा जागी गवतच राज्य करतं, मधूनच हिवर, बोर, बाभूळ. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनचं जुनं मराठी वाङ्मय आणि लोककथा तपासून २०२५ साली हेच दाखवलं. जुन्या वर्णनांत या मुलखात काटेरी झाडं आणि गवत आहे, घनदाट रान नाही. आपल्याला ओळखीचा दाखला कान्होपात्रेचा. पंढरपुरात तिच्या समाधीशी झाड उगवलं ते तरटीचं. तरटी हे माळावरचं काटेरी झाड, जंगलातलं नव्हे.

मग हा माळ "पडीक" कधी ठरला? इंग्रजांच्या अमदानीत. ज्या जमिनीतून शेतसारा नाही आणि लाकूडही नाही, ती त्यांच्या लेखी वाया गेलेली. तिथं मेंढरं चरतात, दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणाकडे हलतात आणि पावसाच्या तोंडावर परततात, शेतात मेंढरं बसवून खत होतं, हे त्यांच्या हिशेबात बसलं नाही. आपलं राज्य आलं तरी शब्द तोच राहिला. १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला. १९८५ मध्ये केंद्रात पडीक जमीन विकास मंडळ निघालं आणि दर वर्षी ५० लाख हेक्टरवर झाडं लावायचं ठरलं. एवढी जमीन आणायची कुठून? नजर माळाकडेच वळली.

दुष्काळात रोजगार हमीवर चर खोदले, त्यांच्या कडेनं सुबाभूळ आणि उंदीरमारी लागली. उंदीरमारी म्हणजे कागदावरची ग्लिरिसिडिया, मूळची मध्य अमेरिकेची. ती का लावली? आपली शेळी तिला सहसा तोंड लावत नाही, म्हणून ती जगते आणि अहवालात जगलेल्या रोपांचा आकडा चांगला दिसतो. शेळीच्या बाजूनं हाच हिशेब मांडला तर? पुढे २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी, असं राज्याचं रोपांचं उद्दिष्ट वाढत गेलं. खड्डे घ्यायला आपणच होतो. त्या मजुरीनं घरं चालली, ते नाकारायचं नाही.

ही नुसती आपल्याकडची गोष्ट नाही. उटीच्या थंड डोंगरमाथ्यांवर मूळचं गवतच होतं, झाडी फक्त घळींत. १८४० च्या दशकात साहेबानं सरपणासाठी ऑस्ट्रेलियाची निलगिरी आणली, बाभळीच्या जातीचं वॅटलही आणलं. वॅटल इतकं माजलं की आता ते उपटण्यावर पैसा खर्च होतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला गार, ओलसर, झाड नसलेली दलदल आहे, फ्लो कंट्री नावाची. १९८० च्या दशकात करात सूट मिळते म्हणून श्रीमंतांनी तिथं सूचिपर्णी झाडं लावली. १९८८ ला सूट बंद झाली. पुढे तीच झाडं तोडून दलदल पूर्ववत करायचं काम निघालं, आणि २०२४ मध्ये ती जागतिक वारसा ठरली.

आपल्याकडे चर खोदला की गवताची मुळं उपटली जातात, सावली दाटली की कुसळी, मारवेल, पवन्या मागे हटतात. चिंकाऱ्याला लांबवर नजर टाकायला उघडं रान लागतं. चंडोल जमिनीवरच अंडी घालतो. लांडग्याची बिळंही याच माळात. सुप्याजवळ १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य झालं ते चिंकाऱ्यासाठीच, जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं. आणि आता कडबनवाडी-शिर्सुफळला वनखातंच पाहुण्यांना गवताळ रानाची सफर घडवतं! म्हणजे माळ बघायला लोक पैसे मोजतात.

आमच्या गटांतल्या बऱ्याच बायांनी कर्ज काढून शेळ्या घेतल्यात. माळाला कुंपण पडलं की पहिली तीन-चार वर्षं चराई बंद, आणि नंतर आत उंदीरमारी. हप्ता मात्र दर महिन्याला. म्हणून ग्रामसभेत आम्ही ठराव मांडतोय: चिंच, आंबा, लिंब, शेवगा यांची रोपं वस्तीवर, ओढ्याकाठी, बांधावर, शाळेच्या आवारात द्या, पाणी आम्ही घालू. माळावर नवीन चर नकोत, तिथं पवन्या-मारवेलचं बी टाकायचं काम द्या, त्याचीही मजुरी लावा. दसऱ्यानंतर गवत कापून गंजी लावायची जबाबदारी गट घेईल. तुमच्या गावच्या आराखड्यात माळाच्या गटनंबरासमोर "पडीक" लिहिलंय की "गायरान", ते ग्रामसेवकांकडून एकदा वाचून घ्या. आमच्या गावात दोन्ही लिहिलेलं निघालं, एकाच जमिनीला.