गांवचा जागल्या आणि शहरचा कोतवाल

कुंपणच शेत खाऊं लागलें तर दाद कोणाकडे मागावी, असा एक सवाल आपल्या भाषेंत फार जुन्या काळापासून चालत आला आहे. म्हण शेतकऱ्याची खरी. परंतु तिचा रोख शेतावर नसून राखणदारावर आहे. चोरापासून रक्षण करण्यासाठीं समाज कांहीं माणसांच्या हातीं काठी देतो, कुलूप देतो, माणसास धरण्याचा अधिकार देतो. तीच काठी निरपराध्याच्या पाठीवर पडली तर पडणाऱ्या माणसानें काय करावें, आणि काठी उगारणाऱ्यास कोणी विचारावें? पुणें प्रांताच्या इतिहासांत ह्या प्रश्नाचीं दोन उत्तरें शेजारीं शेजारीं नांदत होतीं. एक खेड्याचें होतें व दुसरें शहराचें.

आळंदीच्या अलीकडे इंद्रायणीच्या कांठीं चऱ्होली हें गांव आहे. आज त्याच्या शिवारांत उंच इमारती उभ्या राहिल्या असून तें पिंपरी-चिंचवड महापालिकेंत मोडतें. परंतु पेशवाईंत तें ह्या प्रांतांतील शेंकडों गांवांसारखें एक गांव होतें. अशा गांवीं बंदोबस्त पाटलाच्या शिरावर असे. त्याच्या हाताखालीं वेशीवर वेसकर, आणि रात्रीच्या पहाऱ्यास जागल्या किंवा रामोशी. ह्या माणसांचा मुशाहिरा सरकारी खजिन्यांतून येत नसे. सुगीच्या दिवसांत खळ्यावर जें धान्य पडे त्यांतून त्यांचा हक्काचा वांटा निघे. अर्थात् ज्यांच्या घरांची राखण करावयाची त्यांच्याच सुपांतून पोट भरावयाचें, असा तो संबंध होता.

गांवांत चोरी झाली म्हणजे चोराचा माग काढण्याचें काम जागल्याकडे येई. माग शेजारच्या गांवच्या शिवेंत गेला, असें त्यानें दाखवून दिलें म्हणजे जबाबदारी त्या गांवावर जाई. शेवटीं ज्या गांवाच्या हद्दींत माग हरवला त्या गांवानें व तेथील राखणदारानें, ऐपतीप्रमाणें, नुकसान भरून द्यावें असा रिवाज होता. पेशवाई बुडाल्यानंतर १८१९ सालीं एल्फिन्स्टन साहेबानें ह्या मुलखाविषयीं जो प्रसिद्ध अहवाल लिहिला त्यांत ह्या पद्धतीची हकीकत दिली आहे. ही पद्धत निर्दोष होती असें मात्र कोणी समजूं नये. राखणदारच चोरांस सामील असल्याचीं उदाहरणें थोडीं नव्हतीं. संशयिताच्या वांट्यास मारहाणही येई, आणि गांवांत ज्याचा शब्द हलका त्याच्यावर आळ लवकर येई. तरी एक गोष्ट त्या पद्धतींत होती. राखणदार चुकला तर त्याची झळ त्याच्या स्वतःच्या घरास लागे, आणि जाब विचारणारे लोक रोज त्याच्या डोळ्यांसमोर असत.

पुणें शहराची गोष्ट निराळी होती. पेठांमागून पेठा वसत गेल्या. सावकार, शिलेदार, कारागीर, भिक्षुक असे देशोदेशींचे लोक येऊन राहिले. शेजाऱ्यास शेजारी ओळखीनासा झाला. अशा शहरास जागल्या पुरा पडेना, म्हणून कोतवाल आला. कोतवालाचा अधिकार केवढा मोठा होता ह्याची कल्पना आज येणें कठीण आहे. चोर धरणें हें त्याचें एक काम. त्याशिवाय रस्ते व घरें ह्यांसंबंधींचे तंटे तोडणें, बाजारभाव ठरविणें, सरकारी कामास मजूर पुरविणें, घरांच्या व जागांच्या विक्रीवर देखरेख ठेवणें, शहरांत कोण आलें व कोण गेलें ह्याची टिपणें राखणें, हीं सारीं कामें त्याच्याच चावडीवर चालत. रात्रीं तोफ झाली कीं रस्त्यावर फिरणाऱ्यास पहारेकरी पकडून नेत व सकाळपर्यंत अडकवून ठेवीत. धरणारा तो, कोंडणारा तो, आणि बहुतेक बाबतींत निवाडा करणाराही तोच!

अशा जागेवर १७७७ सालीं घाशीराम सावळदास ह्या उत्तरेकडील ब्राह्मणाची नेमणूक झाली. तो काळच संशयाचा होता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यांत खून झाला होता. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले होते. अल्पवयी सवाई माधवरावांच्या नांवानें नाना फडणीस राज्य संभाळीत होते, आणि शहरांत रघुनाथरावांच्या पक्षाचे लोक कोण, कोणाच्या घरीं कोण उतरतो, कोणाचीं पत्रें कोठें जातात, ह्याची खबर नानांस रोज हवी होती. खबर आणणारा कोतवाल अशा वेळीं राज्यकर्त्यास प्रिय होतो. नानांचा विश्वास घाशीरामानें संपादन केला, आणि तो विश्वास हेंच त्याचें कवच झालें.

पुढें परिस्थिति पालटली. १७८२ सालीं सालबाईचा तह झाला. १७८३ च्या अखेरीस रघुनाथराव वारले. ज्या भयापायीं कोतवालाच्या हातीं मोकळी सत्ता दिली होती तें भय ओसरलें. सत्ता मात्र ओसरली नाहीं. संकटकाळीं दिलेला अधिकार संकट सरल्यावर आपण होऊन परत येत नाहीं, हा अनुभव सर्व देशांचा आहे. लोकांत असंतोष धुमसत होता. पण कोतवालाविरुद्ध तक्रार करावयाची ती ज्यांच्याकडे, तेच त्याचे पाठीराखे. रामशास्त्री प्रभुण्यांसारखा निःस्पृह न्यायाधीशही १७८९ सालीं निवर्तला होता.

१७९१ चा श्रावणमास सरत आला होता. श्रावणांत पुण्यास विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वांटण्याची चाल होती. ही चाल मूळ तळेगांवच्या खंडेराव दाभाड्यांची. पुढें ती पेशव्यांनीं उचलली. तिच्यासाठीं दूरदूरच्या प्रांतांतून लोक येत. त्यांत तेलंगणांतून आलेल्या ब्राह्मणांचा एक मेळा होता. भवानी पेठेकडे घाशीरामाची बाग होती. भुकेल्या वाटसरूंनीं त्या बागेंत शिरून फळें तोडलीं, रखवालदारांशीं त्यांची बोलाचाली झाली, आणि कोतवालाच्या शिपायांनीं सुमारें पस्तीस जणांस धरून एका कोंदट खोलींत कोंडलें. ही २९ ऑगस्टची, म्हणजे अमावास्येच्या सोमवारची गोष्ट. खोलीस वारा नव्हता, पाणी नव्हतें, आणि आंत माणसें दाटीनें भरलेलीं. कोणास धरलें, कां धरलें, किती जणांस धरलें, ह्याची विचारपूस करणारा वर कोणी नव्हता.

जवळच मानाजी फांकडे ह्या सरदाराचें बिऱ्हाड होतें. आंतील आक्रोश त्याच्या कानीं गेला. त्यानें पुढें होऊन कुलूप उघडविलें, तेव्हां आंत प्रेतांचा खच पडलेला दिसला. आकड्यांविषयीं निरनिराळ्या लेखांत थोडाफार फरक आहे. परंतु एकवीस जण प्राणास मुकले असें सामान्यतः धरतात. मानाजीनें ही वार्ता पेशव्यांच्या कानीं घातली. घाशीरामानें नानांस सांगितलें तें असें कीं, मेलेले लोक कोळी चोर होते, त्यांस दहन करण्याची परवानगी असावी.

ह्या एका उत्तरांत सगळ्या प्रकरणाचें मर्म आहे. मेलेले चोर होते एवढें म्हटलें कीं पुढची विचारपूस थांबेल, असा कोतवालाचा हिशेब होता. आणि तो हिशेब चौदा वर्षांच्या अनुभवावर बसविलेला असला पाहिजे. ह्या खेपेस तो चुकला, कारण मेलेले लोक खरोखरीच कोळी नव्हते. त्यांचे जातभाई दक्षिणेसाठीं पुण्यांत जमलेले होते आणि त्यांस वाड्यापर्यंत जाऊन ओरडण्याची सोय होती. ते गरीब कोळी असते तर? तर दुसऱ्या दिवशीं दहन झालें असतें, आणि इतिहासाच्या पानावर एक ओळही उमटली नसती. त्याच्या आधींच्या चौदा वर्षांत अशीं किती दहनें झालीं असतील, हा विचार मनास चटका लावणारा आहे.

तेलंगी ब्राह्मणांचा हजारभर जमाव नानांच्या दाराशीं जमला. कोतवालास देहान्त शासन व्हावें एवढीच त्यांची मागणी होती. मुख्य फौज त्या वेळीं हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन ह्यांच्याबरोबर टिपूवरील मोहिमेंत दूर गुंतलेली, शहर खवळलेलें. न्यायाधीश अय्याशास्त्री ह्यांस बोलाविण्यांत आलें, तर क्षुब्ध जमावानें त्यांचीही अवहेलना केली. नाना प्रथम घुटमळले, पण अखेर त्यांनीं घाशीरामास जमावाच्या स्वाधीन केलें. त्याची शहरांतून धिंड निघाली, आणि ३१ ऑगस्ट १७९१ रोजीं शहराबाहेर गारपिराजवळ लोकांनीं त्यास दगडांनीं ठेचून मारलें. पुण्यांतील इंग्रज वकील मॅलेट ह्यानें ही हकीकत आपल्या सरकारास कळविली आहे.

ह्या अंतास न्याय म्हणावें काय? अपराध्यास शिक्षा झाली हें खरें. परंतु चौकशी झाली नाहीं. कुलूप कोणत्या शिपायानें लावलें, आंतील आरडाओरड ऐकून पहारेकरी कां स्वस्थ बसले, कोतवालाचे हिशेब चौदा वर्षें कोणीं तपासले, ह्यांपैकीं एकाही प्रश्नाचा निकाल लागला नाहीं. ज्यानें त्यास नेमलें व राखलें, त्यास तर कोणी प्रश्नच विचारला नाहीं. लोकांचा राग शांत झाला आणि कोतवालीचा अधिकार होता तसाच राहिला. १७९९ च्या सुमारास पेशव्यांच्या नोकरींतील टोन नांवाच्या युरोपीय अधिकाऱ्यानें पुण्याच्या बंदोबस्ताचें वर्णन लिहिलें आहे. त्यांत रात्रीची तोफ, तीच धरपकड व सकाळपर्यंतची तीच कोंडी आढळते. माणूस दगडाखालीं गेला. खोली शिल्लक राहिली.

घाशीरामाचें नांव मात्र विसरलें गेलें नाहीं. मोरोबा कान्होबा ह्यांनीं १८६३ सालीं त्याच्या नांवानें पुस्तक लिहिलें, आणि १९७२ सालीं विजय तेंडुलकरांचें नाटक रंगभूमीवर आलें. तें नाटक इतिहास नव्हे. त्यांतील नाना व कोतवालाची मुलगी ह्यांची कथा नाटककाराची आहे. परंतु धनी आपला हस्तक मोठा करतो व वेळ येतांच त्यास लोकांपुढें टाकतो, ही त्यांतील खूण प्रेक्षकांस ओळखूं आल्यावांचून राहिली नाहीं.

खोलीचा बंदोबस्त करण्याचें काम पुढें कायद्यास करावें लागलें, आणि तें फार सावकाश झालें. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें पोलिसांपुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध धरूं नये असें ठरविलें. मारून वदवून घेण्यांत कांहीं लाभ राहूं नये हा त्यांतील हेतु. २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या कायद्यांतही तें तत्त्व कायम आहे. १९५० च्या राज्यघटनेनें धरलेल्या माणसास कारण सांगण्याची व चोवीस तासांच्या आंत न्यायाधिकाऱ्यापुढें उभें करण्याची सक्ति केली. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अटकेचा लेखी पंचनामा करावा व नातलगांस कळवावें असे नियम घालून दिले. भवानी पेठेच्या त्या खोलीत जें जें नव्हतें तें तें एकेक करून ह्या नियमांत आलेलें दिसतें.

तरी नियम लिहिल्यानें काम संपत नाहीं. १९७२ सालीं देसाईगंजच्या ठाण्यांत एका आदिवासी मुलीवर पोलिसांकडून अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें आरोपींस सोडलें. पुढच्याच वर्षीं चार कायदेपंडितांनीं न्यायालयास उघड पत्र लिहिलें, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ सालीं कायदा बदलला. येथें लोकांचा क्षोभ दगडापाशीं न थांबता कायद्यापर्यंत गेला. गारपीर व हें आंदोलन ह्यांतील अंतर तें हेंच.

खुद्द ह्या भागांतील ताजी आठवण मावळची आहे. पवना धरणाचें पाणी बंद नळानें पिंपरी-चिंचवड शहरास नेण्याच्या योजनेस विरोध करण्यासाठीं ९ ऑगस्ट २०११ रोजीं शेतकरी द्रुतगति महामार्गावर बऊरजवळ जमले. पोलिसांनीं गोळीबार केला. तीन जण मृत्युमुखीं पडले, त्यांत एक स्त्री होती. चौकशी आयोग नेमण्यांत आला, आणि योजना बारा वर्षें खोळंबून राहिली. एका दुपारच्या गोळ्यांनीं शहर व खेडें ह्यांच्यामध्यें जी भेग पडली ती नळानें सांधली जाणारी नव्हती.

२००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठीं स्वतंत्र प्राधिकरणें स्थापण्याची आज्ञा केली, आणि महाराष्ट्रानें २०१४ सालीं कायद्यांत तशी तरतूद केली. २०१८ सालीं पिंपरी-चिंचवडसाठीं निराळें पोलीस आयुक्तालय निघालें. ज्या पट्ट्यांत एके काळीं जागल्या माग काढीत असे तेथें आतां आयुक्त आहेत. खळ्यावरचा वांटा गेला, ओळखीचा राखणदार गेला, आणि तो परत येणार नाहीं. परत यावा असेंही नाहीं. परंतु जागल्याच्या रिवाजांत जें एक सत्य होतें तें मोठ्या शहरासही सोडतां येत नाहीं. राखणदारास विचारणारा कोणीतरी असला पाहिजे, तो राखणदाराचा धनी असतां कामा नये, आणि मेलेला माणूस कोळी आहे कीं ब्राह्मण हें पाहून त्यानें विचारणें थांबवितां कामा नये.