मुळगावची खाजने आणि चोडणचे कांदळवन

डिचोली महालातील मुळगाव म्हटले की भाविकांस प्रथम श्री केळबाई आठवते. शिरगावची लइराई, मयेची महामाया, मोरजेची मोरजाई ह्या तिच्या बहिणी, ही कथा आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. परंतु ह्या देवतांच्या गावांची शेते ज्या खाऱ्या पाण्याशी शतकानुशतके झुंजत आली, त्याचा इतिहास सांगणारे थोडे.

भरतीचे पाणी बांधाने अडवून काढलेली भातशेती म्हणजे खाजन. बांधाला मानस असते. भरती चढू लागली की पाण्याच्याच दाबाने तिच्या लाकडी झडपा मिटतात आणि ओहोटीला आपोआप उघडून शेतातले पाणी बाहेर सोडतात. आत खारेपणा सोसणारे कोरगूट पिकते. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर सांगितली जाते. ज्या गावकरीने ही व्यवस्था राखली तिचे रीतिरिवाज पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोरालात नोंदविले. अर्थात रिवाज त्यांच्यापूर्वीचेच.

बांधाच्या बाहेर चिखलात उभी असते ती कांदळ, तिवर, चिपी ह्यांची राई. तिवराची श्वासमुळे चिखलातून खुंट्यांप्रमाणे वर येतात. कांदळाचे बी झाडावरच रुजून मग खाली पडते. हीच झाडे लाटेचा जोर मोडून बांध वाचवितात आणि सुंगटे व मासळीच्या पिलांना आसरा देतात.

ह्या खाऱ्या पाण्याशी आपल्या देवस्थानांचेही नाते आहे. सोळाव्या शतकात तिसवाडीच्या बेटांवरील देवळे मोडली जाऊ लागली, तेव्हा चोडणचा देवकीकृष्ण पाणी ओलांडून मयेस आला व पुढे माशेलास गेला. दिवाडीचा सप्तकोटेश्वरही असाच डिचोलीच्या बाजूस आला. त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये करविला. डिचोली पोर्तुगीजांच्या हाती गेली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस. तोवर पाण्याचा हा चिंचोळा पट्टा हीच देवांची वेस होती.

त्याच चोडणच्या पश्चिम टोकास, राजधानी पणजीच्या दृष्टिपथात, १९८८ साली डॉ. सलीम अली ह्यांच्या नावे पक्षी अभयारण्य झाले. क्षेत्र जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर. रायबंदरहून फेरीने पलीकडे गेले की शहराचा गजबजाट मागे पडतो. एवढ्याशा चिखलाचे कौतुक कशाला, असे विचारणारे भेटतात. वाढत्या शहराला लागून भरतीचे पाणी पसरावयास मोकळी जागा उरणे ही चैन नव्हे, असे आम्हांस वाटते.

मात्र शेतकऱ्याची अडचणही खरी आहे. बांध फुटला व वर्षभर कोणी बुजविला नाही की कांदळ शेतातच शिरतो. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने कांदळवनास संरक्षण दिले. मग शेतात रुजलेले झाड काढणेही अवघड झाले. २०११ च्या अधिसूचनेने गोव्याच्या खाजनांचा स्वतंत्र उल्लेख करून त्यांचे नकाशे व रक्षण सांगितले, ते बरे झाले. शेत व राई एकमेकांचे वैरी नव्हेत. मधला बांध ढासळला की ती वैरी होतात.

मुळगावात ह्यावर आणखी एक भार पडला. डोंगरावरच्या लोहखाणींची माती पावसाच्या ओहोळांबरोबर शेतांत उतरली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली खाणी थांबविल्या, पुढे काही अटींवर त्यांस वाट मोकळी झाली. उतरलेला गाळ मात्र शेतातून कोणी उचलून नेला नाही, आणि गाळाने उथळ झालेल्या पात्रातून मानशीला पाणी बाहेर काढणे जड जाते.