जॉयस्टिक : ‘हो की नाही’ आणि ‘किती’

वर्गात विजेचे मंडल शिकवताना आपण दोन प्रकारच्या कळा दाखवतो. दारावरच्या घंटेची कळ दाबली की मंडल पूर्ण होते, सोडली की तुटते. जुन्या रेडिओची आवाजाची खुंटी मात्र जितकी फिरवावी तितका आवाज बदलतो. पहिली कळ यंत्राला फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगते, दुसरी ‘किती’ तेही सांगते. व्हिडिओ गेमच्या जॉयस्टिकचा इतिहास या दोन कळांभोवती फिरतो. नाणे टाकून चालणारे जुने आर्केड खेळ आज घरच्या संगणकावर खेळायचे तर कोणती जॉयस्टिक घ्यावी, याचे उत्तरही याच इतिहासात आहे.

जॉयस्टिक हे नाव विमानातले. वैमानिकाच्या दोन गुडघ्यांमधल्या दांडीला 1910 च्या सुमारास हे नाव पडले. विजेच्या साहाय्याने दोन अक्षांत आज्ञा देणाऱ्या दांडीचे पेटंट अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतील सी. बी. मिरिक यांना 1926 मध्ये मिळाले. दुसऱ्या महायुद्धात, 1943 पासून, जर्मन विमानांतून सोडलेला ‘हेन्शेल एचएस 293’ हा बॉम्ब रेडिओ संदेशांनी वळवला जाई. वळवणाऱ्याच्या हातात अशीच एक छोटी दांडी असे. आपल्या हातातल्या खेळण्याचे पूर्वज हे असे आहेत.

खेळात दांडी येण्याआधी साध्या कळाच होत्या. एमआयटीमध्ये 1962 साली ‘स्पेसवॉर’ हा खेळ पीडीपी-1 संगणकावर खेळत, तेव्हा खेळाडू संगणकाच्या पटलावरचे स्विचच वापरत. हात अवघडत, शिवाय एका खेळाडूला पडदा नीट दिसे आणि दुसऱ्याला दिसत नसे. म्हणून ॲलन कोटॉक आणि बॉब सॉंडर्स यांनी हातात धरायच्या वेगळ्या पेट्या तयार केल्या.

घराघरांत जॉयस्टिक पोचवली ती अटारी कंपनीने. तिचे ‘व्हीसीएस’ हे यंत्र 1977 मध्ये आले. त्याची जॉयस्टिक उघडून पाहिली तर निराशाच होते, इतकी ती साधी आहे! वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे चार स्विच, गोळी झाडण्याचा पाचवा, आणि सर्वांना मिळून एक सामाईक तार. नऊ पिनांचे हे जोडणे पुढे कमोडोर 64 सारख्या इतर कंपन्यांच्या संगणकांनीही स्वीकारले. येथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न घालता येईल. चार स्विचच्या चालू-बंद स्थिती एकूण 16 होतात. मग दांडीने त्यांतल्या 9 च का मिळतात? (डावा आणि उजवा स्विच एकाच वेळी दाबणारी दांडी कशी करणार?) मध्य, चार सरळ दिशा आणि चार तिरक्या दिशा. या तिरक्या दिशांनीच पुढे घोटाळा केला.

नामको कंपनीचा ‘पॅक-मॅन’ 1980 चा. त्याचे भूलभुलैयातले रस्ते फक्त उभे आणि आडवे. त्यामुळे मूळ यंत्रावर चारच दिशांची दांडी होती आणि दुसरी खेळायची कळच नव्हती. समजा, या खेळाला आपण आठ दिशांची दांडी जोडली. उजवीकडे जाताना वर वळायला हात थोडा तिरका गेला, की ‘उजवा’ आणि ‘वर’ हे दोन्ही स्विच एकदम लागतात. प्रोग्रॅमने अशा जोडीची अपेक्षाच केलेली नाही. वळण हुकते आणि मागून भूत येते. खेळणाऱ्याला वाटते, आपलाच हात कच्चा.

यावर कारखान्यातला उपाय अगदी यांत्रिक होता. दांडीच्या खालच्या टोकाभोवती भोक असलेली एक पट्टी बसवत. चार दिशांसाठी हे भोक पत्त्यातल्या चौकटीसारखे असते, त्याचे कोपरे सरळ दिशांना येतात आणि दांडी तिरकी जाऊच शकत नाही. आठ दिशांसाठी तेच भोक चौरस, कोपरे तिरक्या दिशांना. कॅपकॉमच्या ‘स्ट्रीट फायटर 2’ (1991) मध्ये दांडी खालून पुढे पाव वर्तुळात फिरवून ठोसा मारायचा असतो. तेथे चौकटीची पट्टी लावली तर मधली तिरकी दिशा गाळली जाते आणि तो डाव लागतच नाही. म्हणजे पॅक-मॅनला जे हवे तेच येथे नडते.

दुसरी, ‘किती’ सांगणारी वाट आयबीएमच्या पीसीने 1981 मध्ये घेतली. तिच्या जॉयस्टिकमध्ये प्रत्येक अक्षाला 0 ते 1 लाख ओहमचा बदलता रोध होता. रोध मोजण्याची युक्ती स्वस्त आणि मजेदार होती. त्या रोधातून एक छोटा कपॅसिटर भारित होऊ द्यायचा आणि त्याला किती वेळ लागतो ते पाहायचे. नळ जितका बारीक तितकी बादली भरायला उशीर, तसेच हे. दांडी एका टोकाला असता सुमारे 24 मायक्रोसेकंद लागत, दुसऱ्या टोकाला सुमारे 1,124. पण हा वेळ मोजायचा कोणी? प्रोग्रॅमनेच, ‘भरले का, भरले का’ असे विचारत आकडे मोजून. संगणक वेगवान झाला की तेवढ्याच वेळात आकडे जास्त मोजले जात आणि मधोमध उभी दांडी एका बाजूला झुकलेली दिसे! म्हणून ‘दांडी डाव्या वरच्या कोपऱ्यात नेऊन कळ दाबा’ अशा सूचना खेळाच्या आधी येत. यूएसबीचे पहिले प्रमाण 1996 चे. त्यानंतर मोजण्याचे काम जॉयस्टिकच्या आतच होऊ लागले आणि संगणकाला तयार आकडा मिळू लागला.

दरम्यान जुनी आर्केड यंत्रे भंगारात जात होती. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी फेब्रुवारी 1997 मध्ये ‘मेम’ नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो जुन्या यंत्रांतील चिपांचे वागणे नव्या संगणकावर हुबेहूब घडवतो. खेळ वाचले, पण हातातली दांडी काही चिपमध्ये नव्हती. माझ्या मते खेळाचा निम्मा जीव तिच्यात असतो, आणि म्हणूनच जॉयस्टिक निवडताना रंगरूपापेक्षा तिच्या पोटात काय आहे ते आधी पाहावे. खालची पट्टी फिरवून चार किंवा आठ दिशा करता येतात अशा स्विचच्या जॉयस्टिक मिळतात. नाना प्रकारचे आर्केड खेळ खेळायचे तर तीच घ्यावी, आणि लढाईच्या खेळांसाठी सोबत निदान सहा कळा असाव्यात. विमान चालवायचे असेल तर मात्र ‘किती’ सांगणारीच दांडी हवी.

‘किती’वाली दांडी आधीच घरात असेल तरी मेममध्ये तडजोड करता येते. दांडीचा सगळा टापू तो 9 गुणिले 9, म्हणजे 81 घरांच्या पटासारखा धरतो. कोणत्या घरात कोणती दिशा हे आपण ठरवायचे. पॅक-मॅनसाठी तिरक्या घरांत ‘आधीची दिशाच चालू ठेव’ असे लिहिता येते. मध्याजवळचा निष्क्रिय भाग किती मोठा असावा तेही ठरवता येते. फार लहान ठेवला तर झिजलेली दांडी आपोआप सरकते, फार मोठा ठेवला तर हात जड वाटतो. हे आकडे एकदा खेळून, एकेक बदलूनच जुळवावेत, दोन एकदम बदलू नयेत. प्रयोगशाळेतलाच नियम.

काही खेळांपुढे दांडीचा इलाजच चालत नाही. ‘मिसाइल कमांड’ (1980) ला हाताखाली फिरणारा गोळा होता आणि ‘टेम्पेस्ट’ (1981) ला गोल फिरणारी खुंटी. गॉटलिब कंपनीच्या ‘क्यूबर्ट’ला (1982) चारच दिशांची साधी दांडी होती, पण त्यातला प्राणी पिरॅमिडच्या पायऱ्यांवर तिरका उड्या मारतो. म्हणून ती दांडी मुळातच 45 अंशांनी फिरवून बसवली होती. घरी तो खेळताना पट्टी चार दिशांवर आणावी आणि सरळ सगळी पेटीच टेबलावर तिरकी ठेवावी.